म्युझिक व्हिडिओत गायक खरंच गात असतो का? आणि मुळात व्हिडिओ काढतातच कशाला?

गातही असेल, पण तो आवाज आपल्याला ऐकू येत नाही. गाणं आधीच स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं असतं. शूटिंगला ते स्पीकरवर मोठ्याने लावतात आणि गायक त्यावर ओठ जुळवतो. माझ्या मते तेव्हाही खऱ्या आवाजात गावं, नाहीतर गळा आणि श्वास लगेच खोटे दिसतात.

स्लो मोशनची गंमत बघा. सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात आणि कॅमेरा सेकंदाला 24 ऐवजी 48 फ्रेम (स्थिर चित्रं) टिपतो. तेच 24 ने दाखवलं की केस, कपडे संथ उडतात, ओठ मात्र मूळ गाण्याशी बरोबर जुळतात.

उद्देश जाहिरातीचाच. 1975 मध्ये क्वीन या ब्रिटिश रॉक बँडने 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा व्हिडिओ काढला, तो बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या गाण्यांच्या टीव्ही कार्यक्रमात स्वतः न जाता गाणं दाखवता यावं म्हणून. 1 ऑगस्ट 1981 ला अमेरिकेत एमटीव्ही हे म्युझिक व्हिडिओ दाखवणारं चॅनल आलं आणि व्हिडिओला भलतंच महत्त्व आलं.

पण जाहिरात म्हणून याला कमी लेखू नका. कोल्डप्ले या बँडच्या 'द सायंटिस्ट'साठी त्यांचा गायक ख्रिस मार्टिन अख्खं गाणं उलटं म्हणायला शिकला, कारण तो व्हिडिओ उलटा फिरतो आणि तरी ओठ सरळ गाण्याशी जुळायला हवेत.