‘वय झालं, होतंच असं’ यावर थांबू नकोस

तू लिहिलंयस, वय 44, पाळी कधी वीस दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी, पहाटे तीनला घामाने जाग, लेकीवर उगाच ओरडणं. आणि डॉक्टर म्हणाले, ‘वय झालं, होतंच असं.’ होतं हे खरं. पण म्हणून सोसत राहायचं, हे मला अजिबात पटत नाही. ही रजोनिवृत्तीची, म्हणजे पाळी कायमची थांबण्याआधीची लक्षणं वाटतात; मी यातून चार वर्षं गेलेय.

मला सगळ्यात उपयोगी पडलं कालनिर्णय. पाळीच्या दिवशी लाल टिंब, झोप मोडली की ‘झो’, अंगातून वाफा आल्या की ‘वा’. तीन महिन्यांची ती पानं पिशवीत घालून टिळक रोडवरच्या दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी एकेक चौकोन बोट ठेवून वाचला.

हार्मोनच्या तपासणीसाठी मीही हट्ट धरला होता. पण या काळात एफएसएच, म्हणजे त्या तपासणीत मोजतात ते पाळीशी संबंधित हार्मोन, महिन्यागणिक खालीवर होतं, एका आकड्यावरून फारसं कळत नाही. त्यापेक्षा हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघ. थायरॉइड बिघडला तरी घाम, धडधड, चिडचिड होते. माझं हिमोग्लोबिन 8.6 निघालं आणि जिना चढताना लागणारी धाप वयाची नव्हती हे कळलं. तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल, गाठी पडत असतील, तर सोनोग्राफी पुढे ढकलू नकोस.

हार्मोनच्या उपचाराचं नाव काढलं की आपल्याकडे बायका दचकतात. नीट विचारून घे. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर आतलं अस्तर जाड होतं. गोळीपेक्षा त्वचेवर लावायच्या जेलने रक्तात गुठळी होण्याचा धोका कमी असतो. स्तनाचा कर्करोग किंवा गुठळी होऊन गेली असेल तर ते आधी सांग, मग वेगळी औषधं देतात.

पाळी लांबली म्हणून गर्भनिरोधक सोडू नकोस; पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढे दोन वर्षं काळजी घ्यायची. आणि वर्षभर बंद राहून पुन्हा अंगावर गेलं, तर लगेच दाखव.

हाडांसाठी पर्वती चढ. 103 पायऱ्या, सकाळी ऊन व्हायच्या आत.

लेकीला सांगून टाक. मी मुलाला जेवताना सरळ सांगितलं, हे असं होतंय, तुझ्यावरचा राग नाही. तो काही बोलला नाही. रात्री माझ्या उशाशी त्याचा टेबलफॅन होता.