म्युनिकला यावं का, असं विचारलंत म्हणून

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. विक्रोळीला राहता, अंधेरीतल्या कंपनीत व्हिडिओतल्या वस्तू आणि घटना ओळखणारी मॉडेल तयार करता, आता म्युनिकची ऑफर हातात आहे. पगार पुरेल का, कामाचा दर्जा खरंच वेगळा आहे का, कागदपत्रांत काय अडतं आणि एकटेपणा किती वाटतो, असे चार प्रश्न. शेवटी कंसात ‘मुलगी सात वर्षांची’. तिच्याबद्दल प्रश्न एकही नाही. २०१७ मध्ये मीही असंच लिहिलं असतं. म्हणून उत्तर लांबणार आहे, आणि त्यातलं सगळं तुमच्या उपयोगाचं असेलच असं नाही.

पगार पुरतो. व्हिसा, विमा वगैरे सरकारी संकेतस्थळांवर नीट लिहिलेलं आहे, ते तिथेच वाचा.

कामाचं सांगायचं तर विद्या म्हणून इथे वेगळं काही नाही. ऑक्सफर्डच्या सिमोन्यान आणि झिसरमन यांनी २०१४ मध्ये एक जाळं (न्यूरल नेटवर्क) चित्रासाठी आणि दुसरं हालचालीसाठी अशी जोडी लावली, ते मी पवईत बसूनच वाचलं होतं. ४०० मानवी क्रियांचा, प्रत्येकीच्या निदान ४०० क्लिपांचा ‘कायनेटिक्स’ डेटासेट, म्हणजे मॉडेलला शिकवायचा व्हिडिओंचा साठा, २०१७ मध्ये आला, तेव्हा मी अजून मुंबईतच होतो. फरक पडतो तो डेटा कुठला, यात. ‘सिटीस्केप्स’ हा रस्त्यांचा नावाजलेला डेटासेट ५० शहरांतला, बहुतेक जर्मनीतली. त्यात वस्तूंचे जे वर्ग पाडलेत, त्यांत रिक्षा नाहीच. पहिल्याच महिन्यात गंमत म्हणून त्यावर शिकवलेलं मॉडेल मी घाटकोपर स्टेशनबाहेरच्या व्हिडिओवर चालवलं. एकच रिक्षा एका फ्रेममध्ये कार, पुढच्या फ्रेममध्ये मोटरसायकल. पुढे हैदराबादच्या ट्रिपल आयटीने भारतीय रस्त्यांचा डेटासेट केला, १८२ फेऱ्यांमधली १०,००० चित्रं, आणि त्यात रिक्षाला स्वतःचा वर्ग मिळाला. त्या दिवशी कँटीनमध्ये मी एकट्यानेच आनंद साजरा केला. शेजारच्याला समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, “पण म्युनिकमध्ये रिक्षा कुठे आहेत?” बरोबरच होतं त्याचं.

इथला रस्ता मोकळा असतो, माणसं एकमेकांपासून हातभर लांब चालतात. मॉडेल लवकर शहाणं होतं आणि आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागतं. तुम्हाला माहीत आहेच, मॉडेल प्रत्येक माणसाभोवती चौकट आखतं, आणि एकमेकांवर चढलेल्या चौकटींतली सर्वांत खात्रीची ठेवून बाकीच्या पुसतात. दादरच्या पुलावर सकाळी नऊला ही युक्ती अर्धी माणसं गायब करते. इथे तो प्रश्नच येत नाही. येतो तो दुसरा. कॅमेऱ्यासमोर काम करणाऱ्यांच्या प्रतिनिधी मंडळाची परवानगी. एका गोदामातला आमचा प्रयोग त्यासाठी सात महिने थांबला. मी तेव्हा चिडलो होतो. आता वाटतं, आपल्याकडे कुणी एवढं विचारत नाही, हेच जास्त चमत्कारिक आहे.

आता कागदपत्रं. माझ्या पोटात अजून दुखतं ते इथे. आमच्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहिलं. नुसतं आडनाव नाही, पाळण्यातलं नावही बदललं. हौस होती सगळ्यांची, माझीसुद्धा. पदवीवर जुनं नाव, पासपोर्टवर आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर नवीन. गॅझेटमध्ये छापून आणलं होतं, तरी इथल्या एका कार्यालयातल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून अगदी सौम्यपणे विचारलं, “यातली आई कोणती?” दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र, त्याचं शपथबद्ध भाषांतर, मग भाषांतरात एका अक्षराची चूक, म्हणून पुन्हा सगळं. पाच महिने गेले, आणि त्यात तिला मिळत आलेली प्रयोगशाळेतली नोकरी गेली. तांदळाचं ते ताट माझ्या हातात होतं, हे तिने आजवर एकदाही बोलून दाखवलेलं नाही. तुमच्या बायकोचं नाव बदललेलं असेल तर प्रतिज्ञापत्र मुंबईतच करून घ्या, तीन मूळ प्रती.

आणखी एक. मुलीच्या पासपोर्टवर तिच्या नावाच्या रकान्यात तुमचंही नाव असेल, आपल्या पद्धतीप्रमाणे. इथे ती दोन्ही तिचीच नावं धरतात. दाताच्या दवाखान्यात आमच्या मुलीला माझ्या नावाने हाक मारतात. ती उठते, मीही उठतो.

एकटेपणा: पहिला नोव्हेंबर वाईट जातो, साडेचारला अंधार पडतो, मग सवय होते. मराठी मंडळ आहे, गणपती बसतो. एवढंच.

नाही, एवढंच नाही, पण ते माझ्या एकटेपणाबद्दल नाही. आई गिरगावात एकटी असते. मी तिच्या खोलीत कॅमेरा लावला आणि पडणं ओळखणारं मॉडेल स्वतः बसवलं. तत्त्व सोपं, उभी चौकट झटकन आडवी झाली की इशारा. रोज पहाटे साडेतीनला फोन वाजू लागला. मुंबईत तेव्हा सात वाजलेले असतात. आई देवाला नमस्कार करायची, आणि मॉडेलच्या मते पडायची. दुपारी मेथी निवडायला जमिनीवर बसली की पुन्हा पडायची. शिकवताना वापरलेल्या व्हिडिओंतली म्हातारी माणसं खुर्चीत बसणारी होती. मी तिचेच व्हिडिओ घेऊन मॉडेल पुन्हा शिकवलं, इशारे बंद झाले. पंधरा दिवसांनी चित्र काळं. तिने कॅमेऱ्यावर डब्याची पिशवी अडकवली होती. म्हणाली, “घरातसुद्धा पदर सारखा करत बसू का मी?” पिशवी अजून तिथेच आहे.

आता तुम्ही न विचारलेलं. आमची मुलगी आठ वर्षांची असताना आलो, ती तिसरीत बसली. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीतल्या मे महिन्यात एक दाखला मिळतो आणि पुढची शाळा तीन प्रकारांतली कोणती ते ठरतं. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तिन्हींची सरासरी. इथे १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे नापास. थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेसाठी २.३३, मधल्या शाळेसाठी २.६६. आमच्या मुलीला गणितात २, परिसरात ३, जर्मनमध्ये ४. सरासरी ३. म्हणजे तिसऱ्या प्रकारची शाळा. दादरच्या शाळेत पहिली येणारी मुलगी.

बाईंनी पालकसभेत सांगितलं होतं की ती वर्गात बोलत नाही. मी हसून म्हणालो, घरी तर तोंड बंद नसतं. आपल्या धंद्यातली जुनी खोट तुम्हाला ठाऊक आहे, मॉडेल क्रिया पाहतच नाही, मागचा देखावा पाहून ठरवतं. निळं पाणी दिसलं की पोहणं, हिरवळ दिसली की फुटबॉल. मी रोज संध्याकाळी दप्तर पाहायचो, रिकामा डबा पाहायचो, आणि शाळा ठीक चाललीय असं समजायचो. दीड वर्ष ती मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात उभी राहत होती, हे तिने मला चौदाव्या वर्षी सांगितलं.

आणि त्या दाखल्याचं. पहिलीपासून इथे न शिकलेल्या परभाषिक मुलांना, जर्मनची उणीव भरून निघण्यासारखी असेल तर, ३.३३ सरासरीपर्यंत वरच्या शाळेला योग्य ठरवता येतं. हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही बसस्टॉपवर एका तुर्की बापाकडून. शाळेने सांगितलं नाही, हे मी सगळ्यांना सांगत फिरतो. पण त्या दाखल्यासोबत माहितीची दोन पानं आली होती, आणि त्या आठवड्यात आमच्या शोधनिबंधाची मुदत होती. मी ती वाचली नाहीत. शिफारस मिळाल्याची पोच द्यायची होती, तिथे सही माझी आहे.

मुलगी आता सतरा वर्षांची आहे, आनंदात आहे. वळसा घालून इथेही विद्यापीठापर्यंत जाता येतं, ती त्याच वाटेवर आहे. मी विषय काढला की म्हणते, “बाबा, सोडा ना आता.” त्यातला ‘ड’ तिला नीट येत नाही.

या किंवा येऊ नका, असं माझ्याच्याने लिहवत नाही. मी परत जाणार नाही, हे मात्र खरं. एवढंच सांगा, मुलीला सात पूर्ण झालीत की सातवं चालू आहे? दुसरीत बसणार असेल तर तिच्या हाताशी जवळजवळ तीन वर्षं आहेत. तिसरीत बसणार असेल तर जर्मनचा क्लास या सोमवारपासून लावा, तिच्यासोबत तुम्हीही. महिना आणि साल कळवा, मी मोजून सांगतो.