बोस्नियाचे कवी-पटकथाकार अब्दुलाह सिद्रान कोण होते? त्यांची ओळख कुठून करून घ्यावी?

तुम्ही विचारलंय की युगोस्लाव्ह दिग्दर्शक एमिर कुस्तुरित्साचे दोन जुने सिनेमे पाहिले, दोन्हींच्या श्रेयनामावलीत लेखक म्हणून सिद्रान हे एकच नाव दिसलं. हा माणूस कोण, त्याने आणखी काय लिहिलं? प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण श्रेयनामावलीतलं लेखकाचं नाव वाचायला थांबणारे फार कमी. या माणसाच्या मागे मी बरीच वर्षं आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे कवी आणि पटकथाकार एकाच माणसात म्हटलं की गदिमा आठवतात. सिद्रान यांचं तसंच होतं. मूळ पिंड कवीचा, आणि सिनेमा लिहायला घेतला तेव्हाही हात कवीचाच राहिला. जन्म २ ऑक्टोबर १९४४, महायुद्ध चालू असताना. अब्दुलाह हे नाव त्यांना काकांवरून मिळालं. हे काका छापखान्यात अक्षरजुळणी करायचे आणि यासेनोवात्सच्या छळछावणीत मारले गेले. म्हणजे नावापासूनच घरातला एक गेलेला माणूस त्यांच्या सोबत होता. पुढे वडीलही गेले, पण वेगळ्या तऱ्हेने, आणि परत येण्यासाठी.

इथे थोडा इतिहास सांगावा लागेल, नाहीतर सिद्रान कळणार नाहीत. जून १९४८ मध्ये स्टालिन आणि युगोस्लाव्हियाचे कम्युनिस्ट नेते टिटो यांचं फाटलं. कालपर्यंत युगोस्लाव्हियात घरोघरी, कचेरीत स्टालिनची तसबीर होती. एका उन्हाळ्यात ती तसबीर म्हणजे गुन्हा झाला. जे लगेच वळले नाहीत, किंवा ज्यांच्याविषयी कोणी तसं सांगितलं, त्यांना उचललं गेलं. एड्रियाटिक समुद्रात गोली ओतोक नावाचं बेट आहे. नावाचा अर्थच बोडकं बेट. झाड नाही, सावली नाही, नुसता दगड. १९४९ पासून १९५६ पर्यंत सुमारे १३,००० राजकीय कैदी तिथून गेले. दगड फोडायचे, एका जागचे दुसऱ्या जागी वाहायचे, आणि नवा कैदी बोटीतून उतरला की जुन्या कैद्यांनीच दोन रांगा करून त्याला मारत पुढे ढकलायचं. सुटताना इथलं काही कुठे बोलणार नाही अशी सही घेत. सिद्रान यांचे वडील मेहमेद या बेटावर होते. साधा माणूस, कम्युनिस्ट, आणि कम्युनिस्टांच्याच तुरुंगात.

अशा घरात मुलांना काय सांगतात? 'बाबा दौऱ्यावर गेलेत.'

१९८५ साली कान महोत्सवात सुवर्णपाम मिळालेल्या त्या सिनेमाचं मूळ नावच 'ओतात्स ना स्लुझ्बेनोम पुतु', म्हणजे वडील सरकारी कामानिमित्त दौऱ्यावर. मला हे नाव आजही अंगावर येतं, कारण हे वाक्य मी लहानपणी प्रत्यक्ष ऐकलंय. १९७५ साली मी साताऱ्यात दुसरीत होतो. आमच्या वाड्यातल्या एका मित्राच्या वडिलांना आणीबाणीत मिसा कायद्याखाली पकडून नेलं. त्याच्या आईने त्याला सांगितलं, बाबा मुंबईला कामाला गेलेत. तो वर्गात सगळ्यांना सांगत फिरायचा की येताना बाबा काय काय आणणार आहेत. ते आले १९७७ मध्ये, हातात कापडी पिशवी, तीत दोन धोतरं. नव्वदच्या दशकात पुण्यात एका फिल्म सोसायटीत मी हा सिनेमा पाहिला आणि बाहेर पडून बराच वेळ सायकलच्या कुलपाला किल्ली लावत उभा होतो. आम्हा वाड्यातल्या सगळ्या पोरांना खरं माहीत होतं आणि आम्ही कोणी बोललो नव्हतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट आठवलं.

सिनेमात निवेदन करतो तो सहा वर्षांचा मलिक. त्याचे वडील, मेशा, आगगाडीत बसलेत, हातात वर्तमानपत्र. त्यात व्यंगचित्र आहे: कार्ल मार्क्स टेबलाशी लिहीत बसलाय आणि त्याच्या मागे भिंतीवर स्टालिनची तसबीर. मेशा सहज म्हणून जातो की हे जरा अतीच झालं. एवढंच. सोबत असलेली बाई ते वाक्य पुढे पोहोचवते, आणि ज्याच्यापर्यंत पोहोचतं तो अधिकारी म्हणजे मेशाच्या बायकोचा भाऊ. मलिकचा सख्खा मामा. अटक घरातल्या घरात होते, आणि त्यानंतरही रक्ताचं नातं, सणवार, लग्नकार्य चालूच राहतं. सिद्रान यांची खरी ताकद मला इथे दिसते. राजकारणावर एक भाषण नाही. सगळं स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलाशी घडतं. आई शिवणकाम करते. मलिकला कातडी फुटबॉल हवा असतो. त्याला झोपेत चालायची सवय लागते. शेवटी लग्नाचा मांडव आहे आणि रेडिओवर १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचा सामना चालू आहे, ज्यात युगोस्लाव्हियाने सोव्हिएत संघाला ३-१ ने हरवलं. देश आनंदाने वेडा झालेला, आणि याच मांडवात या कुटुंबाच्या जखमा एकेक करून उघड्या पडत जातात.

त्याआधीचा, १९८१ चा 'डॉली बेल आठवते का?' हा कुस्तुरित्साचा पहिला चित्रपट, वय २६. व्हेनिसला पहिल्या चित्रपटासाठीचा पुरस्कार त्याला मिळाला. साठच्या दशकातलं सारायेव्हो (बोस्नियाची राजधानी), नव्या घराची वाट पाहणारं कुटुंब, आणि सशावर संमोहनाचे प्रयोग करणारा दिनो. वडील घरातही पक्षाच्या बैठकीसारख्या बैठका घेतात आणि एक मुलगा इतिवृत्त लिहायला बसतो! हे वाचायला गंमतीचं वाटेल, पण पाहताना गळा दाटतो, कारण त्या वडिलांचा साम्यवाद खरा आहे; मुलांच्या हाती दुसरं काही ठेवता येत नाही म्हणून ते हे देताहेत. त्यात माणसं सारायेव्होच्या गल्लीत बोलतात तशी बोलतात, ग्रंथातल्यासारखी नाही. पडद्यावर ही बोली इतक्या हक्काने येणं तिथल्या प्रेक्षकांसाठी मोठी गोष्ट होती.

या बोलीबद्दल मराठी वाचकाला एक खास सुख आहे, ते सांगतोच. बोस्नियात तुर्कांमार्फत अरबी-फारसी शब्द गेले, आपल्याकडे ते दख्खनच्या सुलतानी अमलात आले. त्यामुळे दुकानाला ते 'दुचान' म्हणतात, बागेला 'बाश्चा' (आपला बगीचा), मोहल्ल्याला 'महाला', शत्रूला 'दुश्मान'. सिद्रान यांच्या एका संग्रहाचं नाव 'सारायेव्स्की ताबुत', साल १९९३. शब्दकोश उघडायची गरजच पडली नाही. आपल्याकडे ताबूत मोहरमचे, मिरवणुकीचे. त्यांच्याकडे ज्यातून प्रेत नेतात तो. सारायेव्होचा ताबूत, हे नाव युद्धात वेढा पडलेल्या शहरात बसून दिलेलं आहे.

कवितेकडे वळतो. पहिला संग्रह 'शाहबाझा' १९७० चा. मग १९७६ मध्ये 'हाड आणि मांस', १९७९ मध्ये 'सारायेव्हो संग्रह'. या काळात ते सारायेव्हो दूरचित्रवाणीच्या नाट्यविभागातही काम करत होते. पुढे अदेमिर केनोविचसाठी 'कुदुझ' लिहिला, १९८९ चा. तोही चांगला आहे, पण तुम्ही आधी दुसरा बघा.

तो दुसरा म्हणजे 'परिपूर्ण वर्तुळ', १९९७, दिग्दर्शक केनोविचच. बोस्नियाच्या युद्धात, एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, १,४२५ दिवस सारायेव्होला वेढा होता. डोंगरांवर तोफा, खाली शहर, पाणी भरायला रांगेत उभं राहायचं तरी जिवावर बेतायचं. सिद्रान शहर सोडून गेले नाहीत. सिनेमातला हमझाही कवी. बायको आणि मुलीला शहराबाहेर पाठवतो आणि स्वतः मागे राहतो. त्याच्या घरात दोन अनाथ भाऊ येतात. त्यांतला केरिम मूकबधिर आहे. पुढे एक जखमी कुत्राही येतो, त्याच्या मागच्या पायांना ही मंडळी चाकांची गाडी जोडतात. हमझा कागदावर एका झटक्यात, हात न उचलता, अचूक वर्तुळ काढतो. ज्या शहरात काहीच धड उरलेलं नाही तिथे एवढी एक गोष्ट पूर्ण गोल! युद्ध संपल्यासंपल्या, उद्ध्वस्त शहरातच हे चित्रण झालं, त्यामुळे मागे दिसणाऱ्या भिंती कोणी नेपथ्यासाठी उभ्या केलेल्या नाहीत.

कुस्तुरित्सा आणि सिद्रान यांचे संबंध युद्धाने तुटले. कुस्तुरित्सा सर्बियातल्या बेलग्रेडकडे गेला, सिद्रान वेढ्यात राहिले, आणि नंतर दोघे एकमेकांबद्दल जाहीरपणे कडवट बोलले. मी त्यात न्याय देत बसणार नाही. पण एक मत मांडतोच: पुढच्या कुस्तुरित्सात बँड आहे, हंसं-बदकं आहेत, धमाल आहे, जेवणाच्या टेबलाशी पडणारी ती शांतता मात्र पुन्हा सापडली नाही. ती शांतता सिद्रान यांची होती, असं मी मानतो. २३ मार्च २०२४ रोजी ते सारायेव्होतच गेले, वयाच्या ७९ व्या वर्षी.

सुरुवात कुठून? 'बाबा दौऱ्यावर' तुमचा पाहून झालाय, तर तो एकदा पुन्हा, फक्त आईकडे लक्ष ठेवून पाहा. मग 'परिपूर्ण वर्तुळ'. आणि मग 'मोरा' ही छोटी कविता. मोरा म्हणजे झोपेत छातीवर बसणारं दुःस्वप्न. आई मुलाला विचारते, काय करतोयस. तो म्हणतो स्वप्न बघतोय. स्वप्नात मी गातोय, आणि तिथेही तूच विचारतेयस की कशाबद्दल गातोस. मग तो सांगतो: मला घर होतं, आता नाही. आवाज होता, भाषा होती, तीही नाही. नसलेल्या आवाजात, नसलेल्या भाषेत, नसलेल्या घराचं गाणं मी गातोय.

ही कविता मी इंग्रजी भाषांतर आणि मूळ शेजारी ठेवून मराठीत आणायचा प्रयत्न करतोय. बाकी शब्द बसले. अडलंय ते 'मायको' या संबोधनापाशी, जे सारखं येत राहतं. 'आई' लिहिलं तर ओळ पटकन संपते. 'माते' म्हटलं तर देवळात गेल्यासारखं होतं. 'आई गं' कानाला अगदी बरोबर लागतं, पण मराठीत ते ठेच लागल्यावर तोंडून निघतं. दोन वर्षं झाली, वहीत तिन्ही लिहून ठेवलेत. गेल्या आठवड्यात 'आई गं' सोडून बाकी दोन खोडले.