मैत्रीण परदेशातून लग्नाला येते आहे आणि झोप लागत नाही

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, सरली की फोंड्यातील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत लग्नघरांच्या गोष्टी येऊ लागतात. तुळशीचे लग्न लागल्यावर मुहूर्त सुरू होतात, आणि त्याआधीचे दोन महिने याद्या, रुसवे, कर्ज आणि जागरणे यांचे असतात. गोव्यातील पुष्कळ घरांतील मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर राहून आलेली असल्यामुळे अलीकडे या गोष्टींत एका चिंतेची भर पडली आहे. परदेशातील मैत्रीण केवळ माझ्या लग्नासाठी एवढ्या लांबून येणार. तिला आमच्या पद्धती कशा वाटतील, तिची आबाळ होणार नाही ना, आणि मी स्वतः बोहल्यावर असताना तिच्याकडे पाहणार कोण? घरची माणसे ही चिंता हसण्यावारी नेतात. मीही पूर्वी ती फार गंभीरपणे घेत नसे. एका नवऱ्या मुलीमुळे माझे मत बदलले; तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून तिची हकिकत येथे मांडते.

ती फोंडा तालुक्यातील एका गावातली, वय एकोणतीस. लिस्बनला दोन वर्षे शिकत असताना ती एका पोर्तुगीज मुलीबरोबर राहिली होती आणि त्या मुलीने पारंपरिक लग्न पाहायचेच म्हणून दीड महिन्याचा पगार खर्चून तिकीट काढले होते. माझ्याकडे आली तेव्हा लग्नाला आठ आठवडे होते आणि तिची झोप तीन-चार तासांवर आली होती. होणाऱ्या नवऱ्याविषयी, सासरविषयी किंवा खर्चाविषयी तिची काहीही तक्रार नव्हती. रात्री दोन वाजता जाग आली की डोक्यात मैत्रीणच असे.

मी तिला एक वही दिली आणि मनात येईल ती शंका लिहून आणायला सांगितले. पुढच्या भेटीत तिने सदतीस शंका आणल्या. त्यांतील निम्म्याहून अधिक शंका या शंका नव्हत्याच, तर कोणीतरी करून टाकायची कामे होती, आणि ती कामे आम्ही दोघींनी मिळून एका तासात वेगळी काढली. पोर्तुगालच्या नागरिकांना भारताचा ई-व्हिसा मिळतो, पारपत्राची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी लागते, आणि अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करावा, कारण हुबेहूब तसेच दिसणारी आणि जादा पैसे उकळणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. जानेवारी 2023 पासून गोव्यात दोन विमानतळ चालू आहेत, तेव्हा मुंबईहून पुढचे तिकीट काढताना दाबोळी आणि पेडण्यातील मोपा यांत गल्लत होऊ नये. पाहुणी घरीच उतरणार असल्यामुळे तिच्या मुक्कामाची माहिती 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. या माहितीच्या अर्जाला सर्वसाधारणपणे लोक सी फॉर्म म्हणतात, आणि तो फक्त हॉटेलवाल्यांनी भरायचा असतो, असा समज मी अनेक घरांत पाहिला आहे. तो चुकीचा आहे. हे काम तिच्या धाकट्या भावाकडे गेले. कुलदेवतेच्या दर्शनाला तिला नेता येईल का, हा प्रश्नही वहीत होता. गोव्यातील काही देवस्थानांत परदेशी पाहुण्यांच्या प्रवेशाविषयी आणि पोशाखाविषयी नियम आहेत. दारात जाऊन अवघडण्यापेक्षा वडिलांनी देवस्थान समितीला आधीच विचारावे, असे ठरले.

मैत्रिणीच्या कल्पनेतील लग्न आणि प्रत्यक्षातील लग्न यांतले अंतर मात्र कामाच्या यादीत बसणारे नव्हते. हिंदी चित्रपट पाहून त्या मुलीने तीन दिवसांचे नाचगाणे, घोड्यावरचा नवरदेव आणि लाल घागरा अशी तयारी केली होती. आमच्याकडची लग्ने तशी नसतात. पत्रिकेवर बारा वाजून चोवीस मिनिटे असा मुहूर्त छापलेला असतो, बहुतेक पाहुणे तो गाठायला पावणेबाराला येतात, मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर झाला की अक्षता पडतात आणि अर्धे सभागृह जेवणाच्या रांगेकडे वळते. होम आणि सप्तपदी घरची मंडळी पाहतात. शिवाय गोव्यात नागरी निबंधकांसमोर वधूवरांना दोनदा जाऊन सह्या कराव्या लागतात, त्यामुळे पहिली सही अगोदरच झाली होती, आणि त्या मुलीला खरे लग्न नेमके कोणत्या दिवशी लागले हेच कळेना. नवरी म्हणाली, "मॅडम, ती सात समुद्र ओलांडून येणार आणि तिला वीस मिनिटांची मंगलाष्टके आणि भाज्यांचे खतखते मिळणार. तिचा विरस होईल."

येथे मी तिला तिच्या वाक्यातील 'विरस' या शब्दापाशी थांबवले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत इच्छा आणि हट्ट यांत भेद केला जातो. मैत्रिणीला लग्न आवडावे ही इच्छा झाली; तिला ते आवडलेच पाहिजे, तिचा क्षणभरही विरस होता कामा नये, हा हट्ट झाला, आणि झोप उडते ती हट्टाने. हे तिला पटले. आपण मैत्रिणीला सजावट कळवण्याऐवजी कार्यक्रमपत्रिका कळवू, असे तिने ठरवले. कोणत्या दिवशी काय, ते किती वेळ चालेल, तिने कोठे बसायचे, अक्षता केव्हा टाकायच्या, चपला कोठे काढायच्या. परदेशी पाहुण्याला लागते ती माहिती आणि एक हक्काचा माणूस. नवरीने हा माणूस होण्याचा प्रयत्न करू नये, हे मी प्रत्येकीला सांगते, कारण मुंडावळ्या बांधून कोणालाही दुभाष्याचे काम करता येत नाही.

या घरात तो माणूस अनपेक्षित ठिकाणी सापडला. नवरीचे आजोबा 1961 मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा सतरा वर्षांचे होते आणि लिसेव या पोर्तुगीज माध्यमिक शाळेत शिकत होते. त्यानंतर त्यांची पोर्तुगीज भाषा जवळजवळ मुकी झाली होती. नात लिस्बनला असताना ते फोनवर तिला चार वाक्ये ऐकवत आणि ती हसे. पाहुणीला सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे असे सुचवल्यावर त्यांनी पहिल्यांदा नकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी कपाटातून जुना शब्दकोश काढला, असे तिने मला सांगितले.

एवढे झाल्यावर झोप यायला हवी होती. ती आली नाही. वही पुन्हा उघडली तेव्हा सदतीस शंकांपैकी एक तीन वेगवेगळ्या पानांवर तीन वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेली दिसली. "तिने आत्याबद्दल विचारले तर?" "आत्या फोटोत का नाही असे ती म्हणेल का?" "तिला आत्याला भेटायचे आहे, पण कधी भेटवू?"

समुपदेशक म्हणून माझी चूक अशी की ही ओळ मी पहिल्या भेटीत वाचली होती आणि भेटीगाठींच्या कामांत टाकून दिली होती.

आत्या लग्नानंतर सहा वर्षांत विधवा होऊन माहेरी परत आली होती. नवरीची आई नोकरी करत असल्यामुळे मुलीची वेणी, डबा आणि दुखणीखुपणी आत्यानेच पाहिली. लिस्बनमधील लांब संध्याकाळी मैत्रिणीला ज्या घराच्या गोष्टी सांगितल्या गेल्या, त्यांतील मुख्य पात्र आत्याच होती. आता चुडा भरण्याच्या दिवशी, हळदीला आणि ओटी भरताना पाच सुवासिनी पुढे होणार होत्या आणि आत्या नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात राहणार होती. तिला कोणी तसे सांगितले नव्हते. कोणी सांगावे लागत नाही, इतके ते सवयीचे झाले होते. मैत्रीण सहजपणे विचारील, "तुझी आत्या कोठे आहे?" आणि या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नाही, हे नवरीला रात्री दोन वाजता कळत होते.

मी तिला म्हणाले, "हा प्रश्न तुझ्या मैत्रिणीने अजून विचारलेला नाही. तो विचारणारी या घडीला तू एकटीच आहेस."

ती बराच वेळ रडली. त्यानंतर मात्र ती ज्या आवेशाने उठली त्याची मला अधिक काळजी वाटली, कारण तिला त्याच संध्याकाळी घरी जाऊन आई आणि काकीला जाब विचारायचा होता आणि आत्याला सर्वांत पुढे बसवायचे होते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केल्याची बातमी तिने तेव्हा वाचली होती. गाव ठराव करते तर एक घर का नाही, असा तिचा सवाल होता. सवाल योग्यच होता. पण आत्याला काय हवे हे तिने एकदाही विचारले नव्हते. एखाद्या बाईला वीस वर्षे मागे ठेवणे हा अन्याय आहे, आणि एका सकाळी तिला न विचारता सगळ्या गोतासमोर उभे करणे हीसुद्धा तिच्या मनाची पर्वा न करण्याचीच दुसरी तऱ्हा आहे. आधी आत्याशी एकटीने बोल, आणि ती काय म्हणते ते ऐकून घे, एवढेच मी सांगितले.

आत्याचे उत्तर दोघींच्याही अपेक्षेबाहेरचे होते. ओटी भरण्याची मला हौस नाही, त्यावरून घरात वादही नको, असे तिने सांगितले. मात्र काकणकार चुडा भरील तेव्हा तुझा हात मी धरणार, कारण लहानपणी काकणे भरताना तू किती आकांत करायचीस ते या घरात मलाच ठाऊक आहे. आई गप्प राहिली. मोठ्या काकीने दोन दिवस अबोला धरला आणि मग आपण हळदीला तरी असू ना, असे विचारत तो सोडला. वडिलांनी काहीच मत दिले नाही, आणि मला वाटते की ते त्यांच्या दृष्टीने पुष्कळ होते. आत्या ओटीपासून खरोखर मनाने दूर राहिली की वाद टाळण्यासाठी, हे मला सांगता येणार नाही.

मैत्रिणीशीही लग्नाआधी मी एकदा व्हिडिओ कॉलवर बोलले. लिस्बन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, त्यामुळे तिची सकाळ आणि माझी दुपार गाठावी लागली. तिची भीती अगदीच वेगळी निघाली : मी चुकीच्या वेळी उठेन, नको तेथे हात लावीन आणि सगळे माझ्याकडे पाहतील. लोक आपल्याकडे आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी लक्ष देतात, असे मानसशास्त्रातील प्रयोगांतून दिसले आहे, आणि एरवी मी हे अशिलांना आवर्जून सांगते. पण गोव्याच्या लग्नात परदेशी पाहुणी नऊवारी नेसून आली तर लोक पाहतात म्हणजे पाहतातच, तेव्हा खोटा दिलासा न देता मी तिला म्हटले की सगळे पाहतील, त्यांतल्या निम्म्या बायका येऊन निऱ्या नीट करतील, आणि तो राग नसून पाहुणचार असतो. लाल घाघरा तिने स्वागतसमारंभासाठी राखून ठेवला.

जानेवारीत नवरी नवऱ्याला घेऊन भेटायला आली. झोप परतली होती. मैत्रिणीने लग्नभर शेकडो प्रश्न विचारले होते : नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान का पिळतो, मणगण्याच्या खिरीत नारळाचा रस किती, तांदूळ टाकून झाल्यावर कोण गोळा करते. आत्या ओटीच्या वेळी बाजूला का होती, हा प्रश्न तिने विचारलाच नाही, कारण त्या वेळी ती आत्याशेजारीच बसून पोळी लाटायला शिकत होती.

मग नवरीने चुड्याच्या दिवसाचे सांगितले. तिचा हात आत्याने धरला होता आणि चुडा नीट भरून झाला. नंतर बायकांनी आग्रह केल्यामुळे पाहुणीनेही हात पुढे केला. तिच्या हाताचे माप मोठे, काकणकाराने साबणाचे पाणी लावून पाहिले, तरी दोन काकणे तडकली आणि खोलीत एकदम शांतता झाली. आईचा चेहरा उतरला. पाहुणी घाबरून पोर्तुगीजमध्ये सारखी क्षमा मागत राहिली. तेव्हा आत्यानेच खाली वाकून तुकडे पदरात घेतले आणि म्हणाली, "फुटली म्हणायचे नसते गे बाये, काकणे वाढली." वसरीवरून आजोबांना हाक मारण्यात आली. त्यांनी उंबऱ्याबाहेर उभे राहून थोडा विचार केला आणि 'वाढली'साठी त्यांना आठवत होता तो एकच पोर्तुगीज शब्द, झाडे आणि मुले वाढतात तेव्हा वापरायचा, तो सांगितला. पाहुणीने आत्याच्या पदरातील हिरव्या तुकड्यांकडे पाहिले, मग आजोबांकडे पाहिले, आणि तो शब्द पुन्हा एकदा सांगायची विनंती केली.