जूनची घट आणि मुलाखतीतला ‘क्रॅश’

प्रश्न: मी रत्नागिरीत टी.वाय.बी.कॉम.ला आहे. एका मासळी निर्यात कंपनीच्या मुलाखतीत मे-जूनच्या विक्रीचा तक्ता देऊन इंग्रजीत चार ओळी लिहायला सांगितल्या. मी ‘सेल्स क्रॅश्ड, कंपनी इन लॉस’ लिहिलं. साहेब हसले, निवड झाली नाही. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?

उत्तर: क्लासचे पैसे तूर्त राहू देत. तू घसरलीस ती तक्ता वाचताना.

विक्री घटली म्हणजे तोटा झाला, असं नसतं. खर्च उत्पन्नाच्या वर गेला तरच ‘लॉस’. हे बी.कॉम.वालीला मी सांगायला नको! दुसरं म्हणजे महिना बघ. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला ओढलेल्या. सुरिमीसाठी, म्हणजे निर्यात होणाऱ्या माशाच्या लगद्यासाठी, लागणारी ताजी राणी मासळी कारखान्यात येणार कुठून? शीतगृहातला साठा काय तो जातो. दरवर्षीच्या या घटीला ‘सीझनल डिप’ म्हणतात. म्हणून जूनची तुलना गेल्या जूनशी करायची, ‘ईयर ऑन ईयर’. मेपेक्षा १८ टक्के कमी दिसणारा जून गेल्या जूनपेक्षा २ टक्के वरही असू शकतो.

टक्का-दोन टक्के घट असेल तर ‘ईज्ड’, ‘स्लिप्ड’ किंवा ‘एज्ड डाउन’ (edged down) लिही. ‘डिप’मध्ये आकडा पुन्हा वर येईल ही अपेक्षा असते. कंटेनर बंदरात अडकला, बिल पुढच्या महिन्यात गेलं, तर तो ‘ब्लिप’. मागणी किंवा भाव मंदावला की ‘सॉफ्ट’. ‘क्रॅश’ आणि ‘प्लंज’ एकदम झालेल्या मोठ्या पडझडीसाठी ठेव. ‘करेक्शन’ शेअर बाजारातलं, उच्चांकावरून साधारण १० टक्के घसरण झाली की वापरतात. विक्रीला लावू नकोस.

‘फेल बाय’ (fell by) आणि ‘फेल टू’ (fell to) यांत भलेभले फसतात. मार्जिन, म्हणजे विक्रीतला नफ्याचा वाटा, १२ टक्क्यांवरून ११वर आलं तर ‘फेल टू ११ परसेंट’, किंवा ‘फेल बाय वन परसेंटेज पॉइंट’, म्हणजेच १०० बेसिस पॉइंट. इथे ‘फेल बाय वन परसेंट’ लिहिलंस तर चूक, कारण १२च्या मानाने ती घट ८ टक्क्यांहून जास्त आहे.

मात्र गोड शब्दांच्या फार प्रेमात पडू नकोस. कंपन्यांना ‘डिप’ भारी आवडतो. तीन-तीन तिमाही आकडा खाली जात असतो, तरी अहवालात ‘डिप’च. २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. अशा कारणाने ऑर्डरी घटल्या तर सरळ ‘डिक्लाइन’ लिहावं, कारण शुल्क कधी उतरेल ते कंपनीच्या हातात नसतं.

तुझ्या तक्त्यात गेल्या जूनचा आकडा असेल आणि तो यंदापेक्षा कमी असेल, तर एवढं पुरलं असतं: ‘सेल्स डिप्ड इन जून ड्यू टू द फिशिंग बॅन, बट रिमेन्ड अबव लास्ट जून.’ नसेल, तर तो आकडा मागून घ्यायचा. साहेबांना ते आवडलंच असतं.

आता महिनाभर बीएसई या मुंबईच्या शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून रोज एका कंपनीचा तिमाही निकाल काढ. फुकट मिळतो. आधी फक्त आकडे बघून तीन ओळी लिही, मग व्यवस्थापनाने काय शब्द वापरलेत ते ताडून बघ.