डायझोनियम क्षाराने एन्झाइम दाखवताना रंग का पसरतो?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: डायझोनियम क्षार (इतर रेणूंना जोडला जाऊन रंग तयार करणारे रसायन) हाच रंग असतो का, आणि ॲसिड फॉस्फटेजच्या (आम्लधर्मी द्रावणात फॉस्फेट तोडणाऱ्या एन्झाइमच्या) रंजनात पेशींमध्ये ठळक लाल कण दिसण्याऐवजी काचपट्टीभर लालसर धुरकटपणा का येतो.

क्षार हा रंगाचा निम्मा भागच असतो. उरलेला निम्मा भाग एन्झाइम स्वतः तयार करते. आपण दिलेल्या नॅफ्थॉल फॉस्फेटमधून ते नॅफ्थॉल मोकळे करते, आणि क्षार त्या नॅफ्थॉलला जोडला गेला की न विरघळणारा ॲझो रंग तिथेच साचतो. जीवरसायनशास्त्रज्ञ मॉड मेंटेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये मूत्रपिंडातले अल्कलाइन फॉस्फटेज याच तत्त्वावर दाखवले. मला ही पद्धत फार मोलाची वाटते, कारण एन्झाइम नुसते आहे एवढेच नव्हे, तर ते काम करते आहे हे तिच्यातून डोळ्यांना दिसते.

आता पसरण्याविषयी. मोकळे झालेले नॅफ्थॉल क्षाराच्या हाती लागण्याआधीच द्रावणात निघून गेले, तर रंग भलत्या जागी पडतो. अल्कलाइन फॉस्फटेजचे काम पीएच ९ च्या आसपास चालते आणि तिथे ही जोडणी झपाट्याने होते, पण तिथे क्षारही लवकर विघटित होतो, म्हणून द्रावण केल्या केल्या वापरावे लागते. ॲसिड फॉस्फटेजला पीएच ५ च्या आसपास लागतो आणि नेमकी तिथेच जोडणी मंदावते. यासाठी साध्या नॅफ्थिल फॉस्फेटऐवजी नॅफ्थॉल एएस-बीआय फॉस्फेट घ्यावे, कारण त्यातून सुटणारे नॅफ्थॉल पाण्यात फारसे विरघळत नाही आणि ऊतीला धरून राहते. शिवाय फास्ट क्षाराऐवजी (म्हणजे तयार मिळणाऱ्या, स्थिर केलेल्या डायझोनियम क्षाराऐवजी) ताजे डायझोटाइज केलेले, म्हणजे नायट्राइटने डायझोनियम क्षारात बदललेले पॅरारोझॅनिलीन हे लाल रंगद्रव्य वापरावे.

माझ्या अनुभवात चूक बहुधा इथेच होते. आम्लातील पॅरारोझॅनिलीन आणि ४ टक्के सोडियम नायट्राइट समान प्रमाणात मिसळून सुमारे एक मिनिट थांबले की गडद लाल द्रावण मधासारखे पिवळट-तपकिरी होते. ते लालच राहिले, तर नायट्राइट जुने झाले आहे असे समजून नायट्राइटचे द्रावण नव्याने करावे. लाल राहिलेले मिश्रण तसेच पुढे वापरल्यास सारी पार्श्वभूमी लाल होते. बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) घातल्यावर पीएच पुन्हा मोजून ५ च्या आसपास आणावा, कारण आम्लामुळे तो बराच खाली गेलेला असतो, आणि मगच द्रावण गाळून घ्यावे.

पार्श्वभूमी पिवळट येत असेल तर कारण वेगळे असते: प्रथिनांतील टायरोसिन आणि हिस्टिडिन यांच्याशीही क्षार जोडला जातो. म्हणून प्रत्येक वेळी नॅफ्थॉल फॉस्फेट न घातलेली एक काचपट्टी सोबत ठेवावी. तिच्यावर जो रंग येईल तो एन्झाइमचा नसतो.

शेवटी काचपट्टी बंद करतानाची काळजी. पॅरारोझॅनिलीनचा रंग अल्कोहोल आणि झायलीनमध्ये टिकतो. फास्ट रेड टीआर या फास्ट क्षाराचा मात्र विरघळतो, म्हणून त्या काचपट्ट्या अल्कोहोल-झायलीन न लागणाऱ्या ग्लिसरीन जेलीतच बसवाव्यात.