लेकीच्या वीकेंडसाठी एफडी मोडायची का?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंचं पत्र आहे. लेक गेल्या ऑक्टोबरपासून जर्मनीत आखेनला एमएस करते. फी आणि राहण्याचा खर्च शैक्षणिक कर्जातून, व्याज साडेदहा टक्के. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेलं, दरमहा ठरावीक रक्कमच सोडणारं खातं) तिला दरमहा ९९२ युरो मिळतात, ते पुरत नाहीत, आणखी २५० हवेत म्हणते. शनिवार-रविवार मैत्रिणींबरोबर फिरणं होतं. यजमान तीन वर्षांत निवृत्त होणार, आठ लाखांची एफडी आहे. ती मोडायची, की बँकेनं मंजूर केलेली पण अजून न उचललेली कर्जाची रक्कम वापरायची? शेवटी ताईंनी लिहिलंय, “शिकायला गेली आहे की फिरायला, तेच कळेनासं झालंय.”

ताई, आधी त्या शेवटच्या वाक्याचं बघू. आखेन बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या हद्दीला चिकटलेलं गाव. तिथं राहून पोरीनं दोन वर्षं खोलीत बसावं असं मी तरी म्हणणार नाही. तिनं फिरावंच. ते कोणाच्या पैशानं आणि किती टक्के व्याजानं, एवढाच प्रश्न आहे.

तुम्ही तिचा महिन्याचा हिशेब जोडलात हे फार बरं केलंत. खोलीचं भाडं ४१०, आरोग्य विमा १४५, फोन १५, खाणं २३०, रेडिओ-टीव्हीच्या सक्तीच्या शुल्कातला तिचा वाटा ६ (हे शुल्क घरटी असतं, म्हणून तिघींत विभागतात), सेमिस्टर फीसाठी बाजूला ५५, किरकोळ ६०. बेरीज ९२१. म्हणजे ७१ युरो उरतात. मग २५० कमी पडतात ते कुठे? तिच्याच कागदावर मागच्या बाजूला “रविवार” म्हणून एक ओळ आहे, ९० युरो. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी बाई गावाला, रविवारी रात्री परत आली की फ्रिज रिकामा, मग बाहेरून मागवायचं. हा प्रवासाचा खर्च नाही, शनिवारी सकाळी पिशवी घेऊन न गेल्याचा आहे. तिला तेवढंच सांगा, ओरडू नका.

आता प्रवास. पॅरिसच्या सहलीची बिलं पाहिली. होस्टेलच्या दोन रात्री ८४, खाणं ६०, आणि वेगवान गाडीचं जाऊन-येऊन तिकीट १६४. ते गुरुवारी काढलं, निघाल्या शनिवारी. सगळी गोम इथं आहे. या गाड्यांची तिकिटं विमानासारखी चढत जातात. तारीख तीन-चार आठवडे आधी ठरवली तर तीच सहल बऱ्याच कमी पैशांत होते. शिवाय तिच्या सेमिस्टर फीमध्येच देशभरच्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांचं तिकीट आहे. कोलोन तासाभरावर, पुढे बॉन, कोब्लेन्झ, सगळं त्याच तिकिटावर. फक्त आयसीईसारख्या वेगवान गाड्यांत ते चालत नाही. पाच महिन्यांत तिनं ते कॉलेजला जाण्यापलीकडे फारसं वापरलेलं दिसत नाही.

कर्जाची उरलेली रक्कम मात्र उचलू नका. युरो हिशेबाला शंभर रुपयांचा धरू, प्रत्यक्षात थोडा वरच आहे. महिना २५ हजार, वीस महिने, म्हणजे पाच लाख. शिक्षण संपेपर्यंत आणि नंतरच्या वर्षभराच्या सवलतीत व्याज साचून ते जवळपास सहा लाख होतात. तिथून दहा वर्षं फेडायचे तर हप्ता आठ हजारांच्या आसपास, एकूण भरणा साडेनऊ लाखांच्या पुढे. ती पस्तिशीची होईल तेव्हाही पॅरिसच्या त्या शनिवारचा हप्ता जात असेल. कोणी म्हणेल, आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते की. मिळते, पण जुन्या करप्रणालीत, आणि भारतात करपात्र उत्पन्न असेल तर. निवृत्तीनंतर यजमानांना तिचा कितीसा उपयोग?

एफडीलाही हात लावू नका. मुदतीआधी मोडली की व्याजात कपात होते, पण ते सोडा. निवृत्तीला तीन वर्षं उरलेल्या घरात तेवढीच एक मोकळी रक्कम आहे.

मग करायचं काय? वर्षाला ६० हजार रुपये, एकरकमी, यजमानांच्या बोनसमधून. एकदा पाठवायचे आणि सांगायचं, वर्षभराचं फिरणं यात बसव. दरमहा मागणं आणि दरमहा देणं यात दोघींनाही त्रास होतो. परदेशी शिकणाऱ्याला ठरावीक आकडा बांधून देण्याची रीत आपल्या बडोद्याला नवी नाही: १९१३ साली डॉ. आंबेडकर सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले ते तीन वर्षांसाठी, दरमहा साडेअकरा पौंडांवर.

बाकीचे तिनं कमवावेत. जर्मनीत बाहेरच्या विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. आठवड्याला पाच तास केले तरी महिन्याला पावणेतीनशे युरो हातात येतात, म्हणजे ती मागतेय त्याहून जास्त. जमलं तर विद्यापीठातच सहाय्यकाचं काम बघावं, प्राध्यापकांची ओळख होते ती वेगळी. परीक्षेच्या महिन्यात काम बंद. एक सेमिस्टर मागे पडलं तर सहा महिन्यांचा खर्च बोकांडी बसेल, त्यापुढे या सगळ्या सहली किरकोळ.

आणि ताई, राग मानू नका, पण तुमच्या हिशेबातली कुरियरची ओळ मी वाचली. लीलो चिवडा आणि भाखरवडीचं पार्सल, दर खेपेला साडेचार हजार, तीन खेपा. त्या साडेतेरा हजारांत तिच्या दोन चांगल्या सहली होतात. चिवडा कोणी जाणारं असेल त्याच्या बॅगेत द्या.

यजमान स्वतःच्या क्रेडिट कार्डाचं ॲड-ऑन कार्ड तिला देणार आहेत, ते नको. परदेशी खर्चावर बऱ्याच कार्डांना साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप (बँकेचं जादा शुल्क) आणि त्यावर जीएसटी लागतो. रोजचा खर्च तिथल्याच खात्यावरून करू दे, ते कार्ड दवाखान्यासारख्या अडीअडचणीपुरतं कपाटात. वापरावं लागलंच आणि मशीननं विचारलं, रुपयांत की युरोत, तर युरोच निवडायचं.

साठ हजार पाठवताना बँकेच्या फॉर्मवर कारण नीट लिहा. यजमानांच्या पॅनवर या आर्थिक वर्षात बाहेर गेलेली सगळी रक्कम दहा लाखांच्या आत असेल तर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर) लागणार नाही.